उचलले की थांबणारे मोजणीचाक: एका दाव्याच्या इन्व्हेंटिव्ह स्टेपची तपासणी

रबरी धावेचे एक चाक, त्याला धरणारा चिमटा, वर लांब दांडी आणि चिमट्यालगत पाच आकडी काउंटर. ढकलत चालायचे, शेवटी वाकून आकडा वाचायचा. मोजणीचाकात याहून जास्त काही नसते. अशा वस्तूवर पेटंट मागितले की ‘यात नवीन ते काय?’ हाच प्रश्न आधी येतो. परीक्षकाच्या मनातही तोच येतो. मात्र त्याला तो कलम, जुने दस्तऐवज आणि कारणे यांत मांडून दाखवावा लागतो, आणि प्रकरण बहुधा कारणांपाशी अडते.

पुढचा अर्ज आणि त्याच्यासमोर ठेवलेले चार जुने दस्तऐवज अभ्यासासाठी रचलेले आहेत. कलमे, मुदती, निवाडे आणि गणित मात्र खरे आहे. कायदा भारतीय पेटंट कायदा, १९७०. ‘दावा’ म्हणजे अर्जदार नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारे वाक्य; ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ म्हणजे त्या विषयातल्या जाणकाराला जुन्या ज्ञानावरून उघड नसलेली पायरी.

वस्तू आणि तिची अडचण

चाकाचा परीघ बरोबर १ मीटर ठेवला की एक फेरी म्हणजे एक मीटर, आणि व्यास येतो ३१८.३ मिमी. काउंटरचा शेवटचा आकडा १० सेंमी दाखवतो. या साधनाच्या नेहमीच्या चुका जुन्याच आहेत. धाव त्रिज्येत अर्धा मिलिमीटर झिजली की परीघ ३.१४ मिमीने घटतो आणि ५०० मीटरच्या रस्त्याला काउंटर ५०१.६ दाखवतो. धावेवर १ मिमी जाडीचा चिखल बसला की उलटे होते. त्याच रस्त्याचे ४९६.९ भरतात. सरळ रेषेपासून सतत ५ अंश इकडेतिकडे होत चालले तर ०.३८ टक्के जास्त मोजले जाते. दहास एक चढावर आडव्या अंतरापेक्षा अर्धा टक्का जास्त येते. अर्जदाराने पार्श्वभूमीत हे सगळे लिहिले आहे. त्याने काही बिघडले नाही, पण दाव्याला उपयोगही झाला नाही, कारण यातली एकही चूक त्याची रचना दुरुस्त करत नाही.

त्याची अडचण वेगळी आहे. वाटेत उंच कडा, नळी किंवा चर आला की माणूस चाक उचलतो. १.४ मीटर प्रति सेकंद या चालीने येणारे चाक सेकंदाला ८.८ रेडियन फिरत असते. बेअरिंग चांगले असेल तर ते हवेत कित्येक फेऱ्या घेते आणि काउंटर प्रत्येक फेरीला एक मीटर जोडतो. ओलांडलेली फट फीत लावून वेगळी मोजता येते. हवेत वाढलेला आकडा मात्र नंतर कोणालाही वेगळा काढता येत नाही. अडचण इतक्या नेमक्या शब्दांत लिहिलेली असली की पुढची लढाई निम्मी सोपी होते.

दाखल केलेला दावा

दावा १ असा होता: ‘अंतर मोजणारे चाक, ज्यात (क) ठरावीक परिघाचे चाक, (ख) ते धरणारा चिमटा व दांडी, (ग) दांडीच्या मुठीजवळ बसवलेला यांत्रिक काउंटर, (घ) चाकाची फिरकी काउंटरपर्यंत नेणारी लवचिक शाफ्ट, आणि (ङ) चाक जमिनीवरून उचलले असता मोजणी थांबवणारे साधन.’

(ङ) मधले ‘साधन’ वाचताच अनुभवी माणूस सावध होतो. काय करायचे ते त्यात आहे, कशाने करायचे ते नाही. प्रत्यक्ष यंत्रणा अवलंबी दाव्यांत, म्हणजे दावा १ ला धरून त्यात आणखी तपशील घालणाऱ्या दाव्यांत, दडली होती. दावा ४ मध्ये चिमट्याच्या दोन्ही पायांना ६ मिमी उभ्या खाचा; चाकाची आस त्यांत वरखाली सरकते. दावा ५ मध्ये रिमचे ओठ. चाक आऱ्यांचे नसून तबकडीचे आहे आणि रिम तबकडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली आहे. त्या ओठांखाली, वरच्या बाजूला, चिमट्याच्या पायांना बसवलेले दोन ब्रेक शू. चाक जमिनीवर असताना चिमटा आपल्या वजनाने खाली बसतो, आस खाचेच्या वरच्या टोकाला टेकते आणि शू व ओठ यांच्यात ४ मिमी फट राहते. चाक उचलले की चिमटा आधी वर जातो, चाक मागे लोंबते, ओठ शूवर टेकतात आणि चाक थांबते. दावा ६ मध्ये आसेला खाली दाबणारी हलकी स्प्रिंग. दावा ७ मध्ये काटकोनी गिअरबॉक्स चिमट्यावर न बसवता आसेवर बसवलेला.

दावा ७ शेवटी, एका ओळीत, दुर्लक्षित. प्रकरण पुढे त्याच्याच जोरावर तगले.

शोधात काय सापडले

मोजणीचाकांचा आंतरराष्ट्रीय वर्ग जी०१बी ३/१२. जमिनीवर कापलेले अंतर मोजण्याचा वर्ग जी०१सी २२/००. शोध एवढ्यावर थांबला असता तर निम्मेच हाती आले असते. परीक्षकाने पेरणी यंत्रांचा ए०१सी वर्गही चाळला, आणि ते कौतुकास्पद आहे. जमिनीवर फिरणाऱ्या चाकाच्या फेऱ्यांवर काहीतरी ‘मोजून’ सोडायचे आणि उचलले की थांबवायचे, ही गरज पेरणी यंत्राला कायम असते.

पहिला दस्तऐवज, डी-१: साधे मोजणीचाक, काउंटर चिमट्यावर, चाकाच्या हबवरून थेट दातेरी चाकांनी चालणारा. त्यात एक वाक्य आहे, जे दोन्ही बाजूंनी सारखे उद्धृत केले: आस चिमट्यात घट्ट बसवावी, ढिली राहिल्यास चाक डगमगून दात नीट जुळत नाहीत व मोजणी चुकते. दुसरा, डी-२: सायकलच्या पुढच्या चाकावरून स्पीडोमीटर केबलीने हँडलवरचा अंतरदर्शक फिरवणे. तिसरा, डी-३: मोजणीचाकाला मुठीवरच्या लिव्हरने लागणारा ब्रेक, हबवरच्या ६० मिमी व्यासाच्या ड्रमवर. चौथा, डी-४: पेरणी यंत्र. जमिनीवरच्या चाकाने बियाण्याचा शाफ्ट फिरतो आणि यंत्र उचलायची भुजा वर गेली की तीच डॉग क्लच, म्हणजे दात अडकवून फिरकी जोडणारा-तोडणारा भाग, उघडते.

चाक फिरवून अंतर मोजणे मुळात किती जुने, ते सांगायला या चारांचीही गरज नव्हती. रोमन वास्तुकार विट्रुव्हिअसने ४ फूट व्यासाच्या चाकाच्या ४०० फेऱ्यांना एक मैल धरून, दर मैलाला एक खडा भांड्यात टाकणारी गाडी वर्णन केलेली आहे. (क) आणि (ख) साठी वाद घालणे म्हणजे वेळ घालवणे.

एफईआरमधला परिच्छेद

पहिल्या तपासणी अहवालात, म्हणजे एफईआरमध्ये, तीन मुख्य हरकती होत्या. कलम २(१)(जेए) खाली इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही. कलम ३(एफ) खाली ही केवळ ज्ञात साधनांची मांडणी आहे. आणि ‘साधन’ हा शब्द अस्पष्ट आहे. पहिल्या हरकतीचे कारण एवढेच: क, ख डी-१ मध्ये; ग, घ डी-२ मध्ये; ङ डी-४ मध्ये; सबब जाणकाराला उघड.

ही बेरीज आहे, कारण नव्हे. भाग कुठे कुठे सापडले एवढे ती सांगते. ते एकत्र आणायला कोणाला का सुचेल, हे सांगत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रिबोर्ड प्रकरणात २०२२ मध्ये हेच बजावले. इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून अर्ज फेटाळायचा तर पूर्वज्ञानात काय होते, अर्जात काय आहे आणि पहिल्यावरून दुसरे जाणकाराला कसे उघड होते, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे. अर्जदाराचे वकील हा निवाडा बहुतेक प्रत्येक उत्तरात टाकतात. पण तो टाकून हरकत संपत नाही. सुनावणीनंतरच्या आदेशात कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारा पेटंट कार्यालयाचा अधिकारी, तीच कारणे व्यवस्थित लिहू शकतो. म्हणून कारणांचा अभाव दाखवण्यावर एक परिच्छेद पुरे. उरलेला जोर, कारणे लिहिली गेली तर ती कशी असतील, हे ओळखून त्यांना आधीच उत्तर देण्यावर हवा.

एफईआरला उत्तर द्यायची मुदत सहा महिने, अर्ज करून आणखी तीन वाढतात. इथे उत्तर पाचव्या महिन्यात गेले. त्यात तीन मुद्दे होते, दोन चुकीचे.

चुकलेले दोन मुद्दे

पहिला: पेरणी यंत्र हे वेगळे क्षेत्र आहे, मोजणीचाक बनवणारा तिकडे बघणार नाही. हे टिकले नाही, टिकायलाही नको होते. दुसऱ्या क्षेत्रातला दस्तऐवज चालतो की नाही, ते दुकानाच्या पाटीवरून ठरत नाही. अडचण तीच आहे का, ते पाहावे लागते. जमिनीवरचे चाक, फेऱ्यांशी जोडलेली मोजदाद, उचलल्यावर ती थांबवण्याची गरज. तिन्ही गोष्टी डी-४ मध्ये आहेत. इथला जाणकार म्हणजे लहान यांत्रिक मोजसाधने घडवणारा अभियंता. त्याला गिअर, क्लच, ब्रेक, लवचिक शाफ्ट यांचे सामान्य ज्ञान आहे. तो कारागिरापेक्षा वरचा, पण संशोधक नव्हे. पेरणी यंत्राची सगळी खुबी त्याला माहीत नसेल. क्लच वर्णन केलेले पान त्याच्या हाती दिले तर त्याला ते कळेल.

दुसरा: या चाकाला बाजारात मोठी मागणी आहे, म्हणजे ‘आर्थिक महत्त्व’ सिद्ध. २००५ नंतरच्या व्याख्येत ‘तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही’ असे शब्द आहेत, त्यामुळे हा मोह होतो. पण त्यापुढचा ‘आणि’ नीट वाचावा: आणि ज्यामुळे तो शोध जाणकाराला उघड ठरत नाही. खप कितीही असो, त्याने उघड गोष्ट उघडच राहते.

तिसरा मुद्दा यंत्रणेचा होता, तोही चुकीच्या ठिकाणी लावलेला. दावा १ तसाच ठेवून त्याचे समर्थन शूच्या रचनेने केले. दावा १ मध्ये शू नव्हताच.

दावा १ का पडतो

सुनावणीत कंट्रोलरने दावा १ पाच मिनिटांत निकालात काढला, आणि ते बरोबर होते. डी-१ पासून सुरुवात. काउंटर चिमट्यावर, वाचायला वाकावे लागते. ही गैरसोय डी-१ वापरणाऱ्या कोणालाही दिसते. डी-२ नेमकी ती दूर करतो: फिरकी खाली, आकडा हातापाशी, मध्ये केबल. दोन्ही जोडायला कारण आहे आणि जोडल्यावर जे अपेक्षित तेच मिळते. हवेतल्या फेऱ्या मोजल्या जाऊ नयेत, यासाठी डी-४ चा क्लच. ‘मोजणी थांबवणारे साधन’ या शब्दांत क्लच बसतो. तेव्हा दावा १ मध्ये डी-१, डी-२ व डी-४ एकत्र सापडतात, आणि सापडायला कारणही आहे.

सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात १९७८ मध्ये भांडी खरादावर धरण्याच्या साधनाच्या पेटंटबाबत जो प्रश्न विचारला, तोच इथेही लागू: हा शोध माहीत नसलेल्या, पण तीच अडचण समोर असलेल्या सक्षम माणसाच्या हाती जुना दस्तऐवज दिला असता, तर ‘मला हवे ते यातून मिळते’ असे तो म्हणाला असता का? दावा १ बाबत उत्तर ‘हो’. तो उत्तरातच सोडून दिला असता तर सुनावणीचा अर्धा वेळ वाचला असता.

शू, खाच आणि गिअरबॉक्स

खरी चर्चा दावा ४ ते ७ एकत्र केलेल्या दाव्यावर झाली. कंट्रोलरचा पहिला प्रश्न सरळ होता. डी-३ मध्ये ब्रेक आहे, डी-४ मध्ये उचलल्यावर आपोआप थांबणे आहे. ब्रेक आपोआप करणे यात शोध कुठला?

उत्तरासाठी गणित कामी आले, तेही स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या लेखी वर्णनात, आधीच असलेले. चाकाचे वस्तुमान ०.९ किलो, म्हणजे वजन सुमारे ८.८ न्यूटन. त्यातले सुमारे ०.६ किलो रिम व धावेत, मध्यापासून १५५ मिमीवर. जडत्वाघूर्ण, म्हणजे फिरकी बदलायला चाकाचा होणारा विरोध, सुमारे ०.०१४४ किलो-मीटर वर्ग. स्प्रिंगचा जोर ५ न्यूटन, कोरड्या शूचा घर्षणांक ०.५.

डी-३ चा ६० मिमीचा ड्रम घेऊन त्याखाली शू ठेवला तर १३.८ न्यूटनचा दाब, घर्षण ६.९, त्रिज्या ३० मिमी, बलाघूर्ण सुमारे ०.२१ न्यूटन-मीटर. ८.८ रेडियनच्या वेगातले चाक २.७ रेडियन फिरून थांबते. काउंटरवर ४३ सेंमी जास्त. तेवढ्यासाठी ब्रेक कशाला लावायचा? तोच दाब रिमच्या ओठावर, १४० मिमीवर दिला तर बलाघूर्ण सुमारे ०.९७ आणि थांबेपर्यंत ९ सेंमी. काउंटरच्या एका आकड्याच्या आत.

कंट्रोलर म्हणाले, मग त्रिज्या वाढवणे ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा झाली. बलाघूर्ण म्हणजे जोर गुणिले अंतर हे कोणालाही माहीत असते. मुद्दा बिनतोड आहे. अर्जदाराने तो मान्य केला, आणि तेच शहाणपणाचे ठरले. नुसत्या त्रिज्येवर दावा टिकला नसता.

पण डी-३ हाती घेतलेला माणूस आधी त्रिज्येकडे जाईल का? ड्रम अपुरा पडला की सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जोरदार स्प्रिंग. ६० न्यूटनची स्प्रिंग लावली की हबवरच थांबण्याचे अंतर ९ सेंमीच्याही आत येते. अडचण अशी की या साधनाचे चाक सोडून उरलेले वजन १.७ किलो, म्हणजे १६.७ न्यूटन. ढकलताना त्यातले काही हात उचलतो. आसेवर ११-१२ न्यूटन पोहोचतात. ६० न्यूटनची स्प्रिंग एवढ्या भाराने दबतच नाही, आणि चाक जमिनीवरही ब्रेक लागलेलेच राहते. स्प्रिंग ८ न्यूटनची घेतली तरी खडीवर धक्का बसला की भार क्षणभर घटतो, शू टेकतो, चाक घसरते आणि मोजणी कमी पडते. म्हणून ५ न्यूटन, आणि म्हणून ४ मिमी फट. त्याहून लहान उसळीला शू टेकतच नाही. ब्रेकचा जोर चाकाच्या स्वतःच्या वजनातून घ्यायचा आणि स्प्रिंग नावापुरती ठेवायची, हा इथला मुख्य विचार आहे. डी-३ मध्ये जोर हातातून येतो, डी-४ मध्ये यंत्राच्या उचल-भुजेतून. वजनाने ब्रेक लावण्याची खूण दोन्हींत नाही.

आता डी-१ चे ते वाक्य. आस घट्ट ठेवा, नाहीतर दात जुळणार नाहीत. डी-१ पासून निघालेल्या माणसाला आस सैल करायची भीती आहे, आणि ती खरी भीती आहे: काउंटर चिमट्यावर, दातेरी चाक हबवर, मध्ये ६ मिमी सरक आली तर दात सुटतात. आस सरकू द्यायची असेल तर फिरकी नेणारी गोष्ट सरक सहन करणारी हवी. लवचिक शाफ्ट ते करते, पण गिअरबॉक्स आसेवर असेल तरच. तो डी-२ प्रमाणे चिमट्याला बांधलेला असेल तर आस सरकताच त्यातले दातही सुटतील. दावा ७ मधली ती एक ओळ म्हणजे हेच: गिअरबॉक्स आसेबरोबर खालीवर होतो, शाफ्ट थोडी वाकते, दात जुळलेलेच राहतात.

कलम ३(एफ) ची हरकतही याच ठिकाणी सुटली. ते कलम स्वतंत्रपणे, आपापल्या ज्ञात रीतीने चालणाऱ्या साधनांच्या मांडणीला अडवते. दावा १ मध्ये शाफ्टचे काम फक्त आकडा हातापाशी नेण्याचे होते; ब्रेकशी तिचे घेणेदेणे नव्हते. तिथे हरकत बरोबर होती. एकत्र केलेल्या दाव्यात शाफ्ट नसेल तर आस सरकू शकत नाही, आस सरकली नाही तर शू टेकत नाही, शू रिमवर नसेल तर हलकी स्प्रिंग पुरत नाही. एक काढला की उरलेले कोलमडतात.

प्रतिवादाची कच्ची बाजूही सांगायला हवी. डी-१ चे वाक्य ‘तसे करू नका’ असे ठणकावून सांगत नाही. दात जुळण्याच्या संदर्भात काळजी घ्यायला सांगते. दात नसतील तर काळजीचे कारणही राहत नाही. कंट्रोलर कडक असते तर म्हणाले असते: डी-२ ची केबल घेताच डी-१ ची भीती संपली, मग सरक द्यायला अडचण कोणती? त्याला उत्तर एवढेच, की भीती संपणे आणि ते करायला कारण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपियन पेटंट कार्यालयाच्या टी २/८३ या निर्णयापासून ‘करता आले असते’ आणि ‘केले असते’ हा भेद रूढ आहे. नेमका तोच इथे उपयोगी पडतो. अमेरिकेत हाच दावा अधिक अडचणीत आला असता असे वाटते. केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या २००७ च्या निवाड्याने तिथल्या परीक्षकाला, लिखित सूचना नसली तरी, जाणकाराच्या सामान्य बुद्धीवर आणि अपेक्षित परिणामावर बोट ठेवायची मोकळीक दिली.

दुरुस्ती आणि ओला शू

कलम ५९ नुसार दुरुस्त दावा आधीच्या दाव्यांच्या कक्षेत आणि मूळ स्पेसिफिकेशनच्या मजकुरात बसला पाहिजे. खाच, ओठ, शू, स्प्रिंग, आसेवरचा गिअरबॉक्स हे सगळे दाखल दाव्यांतच होते, म्हणून एकत्र करायला अडचण आली नाही. दोनच जागी थांबावे लागले.

एक: अर्जदाराला ‘स्प्रिंगचा जोर आसेवरील भाराच्या निम्म्याहून कमी’ हे दाव्यात हवे होते. स्पेसिफिकेशनमध्ये ५ न्यूटन आणि ११ न्यूटन हे आकडे होते, ‘निम्म्याहून कमी’ हे नाते नव्हते. दोन आकड्यांवरून नियम काढून तो दाव्यात घालणे म्हणजे नवा मजकूर. त्याऐवजी ‘चाक जमिनीवर असताना चिमट्याच्या भाराने दबणारी’ असे लिहिले. ते मूळ वर्णनात शब्दशः होते. चाचणीचे तक्ते लिहिताना नुसते आकडे न देता त्यांमागचे नातेही त्याच वेळी एका वाक्यात लिहून ठेवावे, ते यासाठी.

दोन: ‘मोजणीतील वाढ १० सेंमीच्या आत ठेवणारा’ हे शब्द दाव्यात घालायचा आग्रह होता. कंट्रोलरने विचारले, शू ओला असताना? ओल्याने घर्षणांक ०.२५ वर आला तर थांबण्याचे अंतर दुप्पट, सुमारे १८ सेंमी. शब्द दाव्यात राहिले असते तर पावसात वापरलेले स्वतःचेच चाक दाव्याबाहेर गेले असते. काढले गेले.

सुनावणीनंतर लेखी म्हणणे द्यायला १५ दिवस असतात. त्यात खुणा केलेली व स्वच्छ अशा दोन प्रती आणि प्रत्येक दस्तऐवजाविरुद्ध एकेक परिच्छेद गेला. तोंडी झालेले कबुलीचे मुद्दे, म्हणजे दावा १ सोडला आणि त्रिज्या एकटी पुरेशी नाही, तेही लिहून दिले. अनेकांना हे लिहायचे जिवावर येते. पण कंट्रोलरच्या आदेशात ते तसेही येणार असते. आपल्या शब्दांत आलेले बरे.

मंजुरीनंतर

एकत्र केलेला दावा मंजूर झाला. आदेशात डी-१ हा सर्वांत जवळचा, फरक म्हणजे सरकती आस, वजनाने लागणारा रिम-ब्रेक आणि आसेवरचा गिअरबॉक्स, परिणाम म्हणजे हवेतल्या फेऱ्या हाताविना थांबणे, आणि डी-२ ते डी-४ पैकी एकही आस सरकवायचे कारण देत नाही, असे चार टप्पे आहेत.

मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षात कलम २५(२) खाली कोणीही हितसंबंधी व्यक्ती विरोध नोंदवू शकते. धोका कुठून, ते सांगणे अवघड नाही. हातगाडी, बाबागाडी किंवा गोदामातली ट्रॉली. चाकावरचा भार गेला की लोंबून ब्रेकवर टेकणारे चाक अशा एखाद्या जुन्या रचनेत सापडले, तर ‘वजनाने ब्रेक लावण्याची खूण कुठेच नाही’ हे वाक्य पडते आणि गिअरबॉक्सच्या एका ओळीवर सगळा भार येतो. परीक्षकाच्या शोधात चाकांच्या ब्रेकचे वर्ग दिसत नाहीत. विरोधक आधी तिथेच शोधेल.

प्रतिस्पर्ध्याला मात्र एवढी वाट पाहायची गरज नाही. मुठीवरचा काउंटर, केबल आणि चाकाच्या टोकाला उचलल्यावर सुटणारा डॉग क्लच, हे चाक त्याला आजच बनवता येते. तेच उघड आहे असे आदेशातच लिहिले आहे. केबल कामात असताना १२ अंश पीळ खात असेल तर क्लच सुटताच पीळ उलगडतो आणि पुन्हा धरल्यावर तेवढी फिरकी काउंटरपर्यंत पोहोचण्याआधीच वाया जाते. दर उचलण्याला ३.३ सेंमी कमी. दहा सेंमीच्या आकड्यावर ते दिसायला तीनदा चाक उचलावे लागेल.